दोनच सांग

रेडिएशन विभागाबाहेरच्या बाकावर ताई कधी बसत नसत. भिंतीला एक खांदा टेकवून, पाय जरा फाकवून त्या उभ्या राहत. जणू खालची फरशी आता वळण घेणार आहे. उभं आयुष्य बसमध्ये कंडक्टर म्हणून गेलं होतं. निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरायला लागले, पण आवाज शाबूत होता. पहिल्याच दिवशी त्यांनी बाकावरच्या अनोळखी पेशंटांना सांगितलं, "आत सरका, आत सरका. बाकाला टोक असतं, तेही बसायलाच केलेलं असतं." आणि लोक निमूटपणे सरकले.

त्यांचा पेशंट म्हणजे धाकटा भाऊ. बाजारात त्याला सगळे ठोक्या म्हणत. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा यांच्यावर कापड चढवायचं, हा त्याचा धंदा. या कामात दोन्ही हात कापड ताणण्यात गुंतलेले असतात, म्हणून बारके खिळे तोंडात धरतात. ठोक्या मूठभर खिळे गालात भरायचा, जिभेने एकेक फिरवून ओठांवर आणायचा, टोक आत आणि डोकं बाहेर, आणि लोहचुंबकाच्या हातोडीने ओठावरूनच उचलून ठोकायचा. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. त्याला मात्र जीभ टोचली काय आणि गाल सोलला काय, पत्ताच नसायचा. तोंड म्हणजे त्याचा तिसरा हात होता. त्यात खिळे नसतील तेव्हा तंबाखू असायची.

तंबाखूवरून ताईंनी त्याला जन्मभर शिव्या घातल्या. जिभेच्या कडेला गाठ आली, ऑपरेशनमध्ये जिभेचा तुकडा गेला, तरी शिव्या थांबल्या नाहीत, उलट वाढल्या.

"मी सांगत नव्हते?"

"सांगत होतीस की."

"मग?"

"मग मी ऐकत होतो की."

ठोक्याने लग्न केलं नव्हतं. ताईंचे यजमान गेल्यापासून बहीणभाऊ एकाच घरात राहत. खाली त्याचं दुकान, वर दोन खोल्या. दोघांचं प्रेम असं भांडणातूनच चालायचं. शेजाऱ्यांनाही त्याची इतकी सवय झाली होती की एखाद्या सकाळी आवाज आला नाही, तर कुणीतरी जिन्यावरून डोकावून जायचं.

ऑपरेशननंतर रेडिएशन सुरू करताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. तोंड आतून भाजल्यासारखं होईल, ही एक. आणि मध्ये खंड पडू द्यायचा नाही, ही दुसरी. खंड पडला तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना डोकं वर काढायला सवड मिळते. पहिली गोष्ट ताईंनी अर्धवट ऐकली. दुसरी त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखी बसली.

दर आठवड्याला पेशंटचं तोंड मोजलं जाई. व्हरांड्याच्या टोकाला एक चिंचोळी खोली होती. तिथे एक सिस्टर कपाळाला दिवा बांधून बसायची. लाकडी पट्टीने गाल बाजूला करायची, जीभ उचलायला लावायची, आरशाने मागचं बघायची आणि शून्य ते चार यांपैकी एक आकडा द्यायची. शून्य म्हणजे तोंड ठीक. एक म्हणजे लाली आणि हुळहुळ. दोन म्हणजे फोड आले आहेत, पण घट्ट अन्न खाता येतं. तीन म्हणजे फक्त पातळ जातं. चार म्हणजे तोंडाने काहीच जात नाही. म्हणजे अर्धं माप सिस्टरच्या डोळ्यांत होतं आणि अर्धं पेशंटच्या उत्तरात. "काय खाता?" असं विचारल्याशिवाय आकडा पुरा होत नसे. दारावर पाटी होती: नातेवाइकांनी बाहेर थांबावे. ताई बाहेर थांबत आणि पाटीकडे अशा बघत, जणू ती विनातिकीट बसली आहे.

आकड्याचा खरा अर्थ त्यांना बाकावर कळला. म्हणजे त्यांना तसं वाटलं. बाकावरचे सगळ्यांत जुने पेशंट म्हणजे चष्मेवाले काका. चष्म्याचं दुकान चालवायचे. ते फार बोलू शकत नसत, पण जे बोलत ते कुजबुजत बोलत, त्यामुळे सगळे कान टवकारून ऐकत. ते म्हणाले, "आकडा तीन झाला की मशीन बंद करतात. आपल्या आधी एक रंगारी यायचा. धडधाकट माणूस. तोंड बिघडलं, मशीन बंद केलं. गाठ परत आली. त्यातच गेला."

ताईंचा तात्काळ विश्वास बसला, कारण डेपोत त्यांनी नेमकं हेच पाहिलं होतं. गाडीचा क्लच जरा कुरकुरला, ब्रेक जरा उशिरा लागला आणि ड्रायव्हरने ते डेपोत सांगितलं, की गाडी शेडला लागलीच. मग ती तिथे कितीही दिवस पडून राही आणि प्रवासी थांब्यावर ताटकळत. म्हणून ड्रायव्हर-कंडक्टरांचा आपसांतला शिरस्ता असा, की शेवटचा थांबा येईपर्यंत तक्रार सांगायची नाही. गाडी चालते आहे ना? मग चालू दे.

"ऐक," त्यांनी भावाला सांगितलं. "तिने विचारलं तर दोनच सांग. बाकी तोंड उघडायचं आणि मिटायचं."

"मी कुठे आकडा सांगतो? तीच देते."

"मग ती दोन देईल असं वाग. खातो म्हण. सगळं खातो म्हण. नाहीतर गाडी लावतील शेडला."

डॉक्टरांनी जेवणाआधी लावायला बधिर करणारं जेल दिलं होतं. ताईंनी ते मोजणीच्या आधी लावायला सुरुवात केली. जेल गालाला फासलं की थोडा वेळ तोंड मोठं उघडता येई, चेहरा न आकसता बोलता येई, एखादं बिस्कीट चावून गिळताही येई. ठोक्या सिस्टरसमोर बिस्कीट खाऊन दाखवायचा. सिस्टर दोन लिहायची.

हे बाकाने पाहिलं. महिना उलटायच्या आत अख्खा बाक जेल लावून आत जाऊ लागला. ताई दाराशी उभ्या राहून रांग लावत. "लावलं का? चला, पुढचे कोण? काका, तुम्ही नंतर, तुमचं अजून चढलं नाही." एक बेकरीवाला होता, आडदांड माणूस, सोबत बायको यायची. तो नको म्हणत होता. ताईंनी त्याला झापलं, "मशीन बंद पडल्यावर बेकरीत बसून काय करणार? आ करा." मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करणारी ही सगळी माणसं सिस्टरसमोर खरोखरच मिठाची गुळणी धरून बसत.

ताईंना एक गोष्ट माहीत नव्हती. ठोक्या खातच नव्हता.

ताई रोज सकाळी त्याला उकडलेली अंडी, दुधात भिजवलेला पाव, कुस्करलेलं केळं असं देत. तो ताट घेऊन खाली दुकानात जाई. "काम करता करता खातो. तू समोर बसलीस की घास अडकतो." ताट रिकामं वर येई. तो वाळत चालला होता, हे दिसत होतंच. पण हॉस्पिटलातला वजनाचा काटा फारसं काही म्हणत नव्हता, आणि ताईंचा काट्यावर भरवसा होता.

एका सकाळी मशीनवाला बाहेर आला. मशीनवाला म्हणजे आतला तंत्रज्ञ, तरुण पण शांत. रेडिएशन देताना डोकं जराही हलू नये म्हणून प्रत्येक पेशंटचा जाळीचा मुखवटा करतात. गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर दाबून त्याच मापाची घडवतात आणि रोज तोच मुखवटा चढवून पेशंटला टेबलाशी जखडतात. तो इतका घट्ट असतो की गालावर जाळीचे वळ उठतात.

"ताई, मुखवटा सैल झालाय," तो म्हणाला. "गालाशी माझं बोट आत जातंय. डोकं हलतंय त्यांचं. असं मशीन चालवता येणार नाही."

"म्हणजे?"

"नवीन मुखवटा करावा लागेल. नवीन स्कॅन, मग सगळं गणित परत. तोवर बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद, ताई. ते इतके बारीक झालेत आणि इथे वजन तर जवळजवळ तेवढंच लिहिलंय. काहीतरी गडबड आहे."

ठोक्या त्याच्या मागे उभा होता, गालांवर वळ नव्हते. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या विजारीकडे. कामाची विजार, मोठाल्या खिशांची. हॉस्पिटलला येतानाही तो तीच घालून येई, आणि ताई त्यावरूनही बोलत. त्यांनी भर व्हरांड्यात त्याच्या खिशात हात घातला. खिळ्यांच्या पुड्या निघाल्या. दुसऱ्या खिशातून कापडाची कात्री, लोखंडी सांडशी, आणखी पुड्या.

"वजनाला हे घेऊन चढत होतास?"

ठोक्याने मान हलवली. बोलणं त्याला आता जमत नव्हतं.

घरी पोचेपर्यंत ताई एक शब्द बोलल्या नाहीत. रस्त्यात भेटलेल्या शेजारणीला ती शांतता बघूनच कळलं की काहीतरी भयंकर झालं आहे. ताई सरळ दुकानात शिरल्या. भिंतीशी एक तीन माणसांचा सोफा होता, कित्येक दिवस तयार होतो आहे असा. मागचं कापड खालून मोकळं होतं. ताईंनी ते धरून ओढलं. सोफ्याच्या पोटात, स्प्रिंगांच्या मध्ये, प्लॅस्टिकच्या पिशव्या गच्च गाठी मारून ठेवल्या होत्या. एकीत अंडी. एकीत काळं पडलेलं केळं. बुरशीने हिरवा झालेला पाव. रोज संध्याकाळी टाकून द्यायचं ठरवत असणार. पण टाकायला बाहेर पडलं की ताईंनी विचारलं असतं.

"मी पहाटे उठून उकडते," ताईंचा आवाज फुटला. "माझे गुडघे बोंबलतात आणि मी तुझ्यासाठी पाव दुधात भिजवते, आणि तू सोफ्याला जेवू घालतोस? सोफ्याला? त्याचं वजन वाढलं का बघ! उचल! उचलून बघ!"

ठोक्या खाली बसला. कापडाच्या एका तुकड्यावर खडूने त्याने लिहिलं: तूच म्हणालीस, खातो म्हण.

ताईंनी तो तुकडा वाचला, फाडायचा प्रयत्न केला. कापड जाड होतं, फाटलं नाही. त्यांनी तो भिरकावून दिला.

दुसऱ्या दिवशी त्या त्याला दंडाला धरून मोजणीच्या खोलीत घेऊन गेल्या. पाटी ओलांडून. सिस्टर उठून म्हणाली, "नातेवाइकांनी—"

"वाचता येतं मला. याचं तोंड मोजा. जेल लावलेलं नाही. आज खरं मोजा."

"आज खरं म्हणजे? आधी काय मोजत होते मी?"

"आधी जेल लावून पाठवत होते मी. बिस्कीट खाऊन दाखवायचा तुम्हाला."

सिस्टरने कपाळावरचा दिवा वर सरकवला. ती ताईंपेक्षा निम्म्या वयाची होती, पण राग आल्यावर वय राहत नाही. "तुम्ही लावत होतात? तुम्ही? मला इथे प्रत्येक पेशंटला किती वेळ मिळतो, माहीतेय? तेवढ्या वेळात मी तोंड बघायचं, विचारायचं, लिहायचं, आणि तुम्ही माझ्याकडून खोटं लिहून घेताय? मशीन तुम्ही बंद पाडलंत. मुखवटा सैल होऊन नाही. तुम्ही."

"हो, मी. आणि तुम्ही. तुम्हाला फोड दिसत नव्हते?"

सिस्टरने समोरच्या कागदावरचे आकडे पाहिले. "दिसत होते. मला तीन वाटत होतं."

"मग?"

"खातो म्हणाले. समोर खाल्लं. मग दोन लिहावं लागतं."

"वाटत होतं तीन आणि लिहिलं दोन! मला एकदा हाक मारून विचारायचं होतं, बाई, हा घरी काय खातो? दाराबाहेरच तर उभी होते मी. कशाला मोजता हा आकडा, ते तरी कुणी सांगितलं आम्हाला?"

"भिंतीवर लावलंय सगळं."

ताईंनी भिंतीकडे पाहिलं. लावलेलं होतं. बारीक अक्षरांत, खोलीच्या आत, जिथे नातेवाइकांनी यायचं नाही, आणि पेशंटच्या डोक्यामागे, जिथे दिव्याच्या झोतात तोंड वासून बसलेल्या माणसाला दिसायचं नाही.

"वाचून दाखवा," ताई म्हणाल्या.

सिस्टरने वाचलं नाही, तोंडानेच सांगितलं. तीन आला की दुखणं थांबवायचं जोरदार औषध देतात. नाकातून पोटात नळी घालतात, म्हणजे तोंडाला विश्रांती आणि अंगाला अन्न. मशीन बंद करायचं नसतं. ते चालू राहावं म्हणूनच हे सगळं. मशीन बंद होतं ते बहुतेकदा माणूस उपाशी राहून कोसळतो तेव्हा.

"मग तो रंगारी? त्याचं मशीन बंद केलंत ते?"

"त्यांना ताप भरला होता. अंगात पाणी नव्हतं. उभं राहता येत नव्हतं." सिस्टर पट्टी हातात फिरवत होती. "त्यांनी शेवटपर्यंत दोनच सांगितलं होतं."

ठोक्या खुर्चीत बसला आणि त्याने तोंड उघडलं.

ताईंनी ते तोंड दिव्यात पहिल्यांदाच पाहिलं. इतके दिवस त्या जेल लावत होत्या ते बोटाने, अंदाजाने, व्हरांड्याच्या अंधुक उजेडात. गालाची आतली बाजू सोलल्यासारखी होती. तिच्यावर पिवळट पांढरा थर, थराच्या कडेने रक्त. उरलेल्या जिभेला तेच. थुंकीच्या जाड तारा वरच्या दातांपासून खालपर्यंत ताणलेल्या. पट्टी लागताच त्याचे दोन्ही पाय फरशीवरून उचलले गेले. हा तोच माणूस, खिळ्यांनी भरलेल्या गालाने गाणं गुणगुणणारा.

"काय खाता?" सिस्टरने विचारलं.

सवयीने ठोक्याची दोन बोटं वर गेली.

"दादा, आकडा नाही. काय खाता ते."

त्याने ताईंकडे पाहिलं. ताईंचा चेहरा असा होता की ड्रायव्हरने बस उलटी वळवली असती. ठोक्याने पाण्याच्या पेल्याकडे बोट दाखवलं आणि मग तोच हात हलवला: तेही धड नाही.

"तीन," सिस्टर म्हणाली. "चारला टेकलंय." आणि तिने तसं लिहिलं.

नळी त्याच दिवशी घातली. घालताना त्याने ताईंच्या हाताला नखं लावली. ताईंनी हात काढून घेतला नाही आणि तोंडही बंद ठेवलं नाही. "गिळ! गिळ म्हणतायत ना? ऐक की कधीतरी!"

नवीन मुखवटा होऊन, गणित जुळून मशीन परत सुरू व्हायला बरेच दिवस गेले. त्या खंडाने नेमकं काय बिघडलं, असं ताईंनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, एका माणसाबाबत ते सांगता येत नाही. ताईंनी पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा हळू आवाजात. खोलीतून बाहेर आल्यावर ताईंनी कचऱ्याच्या डब्याला लाथ मारली. डबा पत्र्याचा होता, व्हरांडाभर घुमला.

सिस्टरने वरिष्ठांकडे पाटी काढायची मागणी केली, असं म्हणतात. पाटी होती तिथेच राहिली. फक्त सिस्टर आता दार उघडं ठेवू लागली.

ठोक्या परत मशीनवर जाणार होता त्या सकाळी ताई बाकासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. जेल मोजणीआधी लावू नका. खाता येत नसेल तर येत नाही म्हणा. मी चुकीचं शिकवलं. रंगाऱ्याचं खरं काय झालं, तेही सांगितलं. तिकिटं देताना वापरायच्या त्याच आवाजात, शेवटच्या सीटपर्यंत जाईल अशा.

बाक हलला नाही. चष्मेवाले काका कुजबुजले, "तुमची गाडी शेडला लागली. आता आमच्याही लावायच्या का?"

"काका, रंगारी दोन सांगून मेला."

"तुम्हाला कुणी सांगितलं? सिस्टरने? ती तर सांगणारच."

"माझ्या भावाची नळी दिसत नाही तुम्हाला?"

"नळी दिसते. मशीन चालू झालेलं अजून दिसलेलं नाही." काकांनी तोंड फिरवलं. आत जायची वेळ झाली तसं त्यांनी खिशातून जेल काढलं आणि ताईंच्या देखत गालाला फासलं. ताईंचे हात शिवशिवत होते. बसमधून कुणाला हाताला धरून उतरवायचं, हे त्यांना ठाऊक होतं. इथे कुणाला उतरवायचं?

मशीनवाल्याने ठोक्याला हाक मारली. नाकाशी चिकटपट्टीने लावलेली नळी सावरत तो आत गेला. जाड दार सरकत बंद झालं. बराच वेळ काही झालं नाही. ताई भिंतीला खांदा न टेकवता उभ्या होत्या. मग दारावरचा लाल दिवा लागला.

बेकरीवाल्याची बायको बाकावरून उठून ताईंजवळ आली. सुरुवातीला नुसती शेजारी उभी राहिली.

"ताई, नळी घातली तरी मशीन लावतात? खरंच?"

"तो दिवा कशाचा आहे?" ताई खेकसल्या. "आत माझा भाऊ आहे. नळीसकट. बघा की, डोळे आहेत ना!"

बाई दिव्याकडे बघत राहिली. मोजणीच्या खोलीतून सिस्टरने पुढचं नाव पुकारलं, बेकरीवाल्याचं. त्याने खिशात हात घातला. बायको वळली, त्याच्या हातातली जेलची ट्यूब तिने हिसकावून घेतली आणि पदरात खोचली. आडदांड माणूस रागाने तिच्याकडे बघायला लागला.

"डोळे वटारू नका," ती म्हणाली. "आत चला आणि तोंड उघडा. मी सांगते त्यांना, तुम्ही काय खाता ते."